जक्कयाचा हिशेब

गेल्या महिन्यात या सदरात दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, वर्णभेदानंतरच्या समेटाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न आज घेतो.

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यासवर्गात एकजण म्हणाला की काळ्या लोकांच्या वाट्याला गुलामी आली ती हामच्या शापामुळे. शास्त्रात खरेच असे आहे का? (पुणे)

नाही. उत्पत्तीचा नववा अध्याय काढा आणि २५वे वचन वाचा. नोहा द्राक्षारस पिऊन पडला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने शाप दिला तो नातवाला, कनानला; कनानचा बाप आणि नोहाचा मुलगा असलेल्या हामला नव्हे. शाप उच्चारणारा नोहा आहे, देव नाही. आणि कातडीच्या रंगाबद्दल त्या अख्ख्या अध्यायात एक शब्द नाही. गुलामांच्या व्यापारात ज्यांचा पैसा अडकला होता त्यांना शास्त्राचा आधार हवा होता, म्हणून त्यांनी तो या वचनात घुसडला. पुढच्या वर्गात त्या भावालाच हे वचन मोठ्याने वाचायला सांगा.

प्रश्न : वर्णभेदाचे कायदे सरकारने केले. मग पश्चात्ताप मंडळीने का करायचा? (नाशिक)

कारण दक्षिण आफ्रिकेत मंडळी सरकारच्या पुढे होती. १८५७ साली केप प्रांतात डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, एक ठराव केला. सर्वांनी एकत्र उपासना करावी हे शास्त्राला धरून आहे, असे त्यात आधी मान्य केले आहे. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालेल, असेही पुढे म्हटले आहे. दुर्बल कोण? ज्यांना आपल्या काळ्या भावंडांसोबत एका मेजाशी बसून प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) घेणे जड जात होते, ते गोरे सभासद. त्यांच्यासाठी काढलेली ही पळवाट पुढे रीत बनली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्च उभे राहिले. अपार्थाइडवाले, म्हणजे वर्णभेदाचे कायदे करणारे सरकार सत्तेवर आले ते १९४८ साली. म्हणजे मेजाशी ताटातूट आधी झाली, कायदा ९१ वर्षांनी आला.

हा ठराव वाचला की मला माझ्या लहानपणच्या मंडळीतल्या एक आजी आठवतात. प्रभुभोजनाच्या रांगेत त्या कायम शेवटी उभ्या राहायच्या. प्याला सगळ्यांच्या ओठांना लागून झाला की मग त्यांच्यापर्यंत यायचा. “आजी, पुढे या ना,” असे कोणी म्हटले तर पदर सावरत त्या म्हणायच्या, “राहू दे बाळा, हीच माझी जागा.” ती जागा त्यांना कोणी नेमून दिली, हे विचारायचे धाडस आमच्यातल्या एकालाही झाले नाही. ठराव लिहिलेला नसला तरी पाळला जातो.

आणि उत्तर कुठून आले तेही पाहा. वेगळ्या काढलेल्या त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये केपटाउनजवळच्या बेलहार इथे विश्वासाचा कबुलीजबाब मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. एकता, समेट आणि न्याय हे त्याचे तीन आधार. निराधार, गरीब आणि अन्याय सोसलेल्यांचा देव विशेष करून कैवारी आहे, आणि मंडळीने तो जिथे उभा आहे तिथे उभे राहावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गेल्या शतकातल्या ईश्वरज्ञानाच्या लिखाणात मी याला फार वरचे स्थान देतो.

प्रश्न : आर्चबिशप डेसमंड टुटूंनी क्षमा केली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा सत्य आणि समेट आयोगही झाला. अजून न्यायाची मागणी कशाला? क्षमा म्हणजे विसरणेच ना? (न्यू जर्सी)

तुमच्या प्रश्नामागची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. १९९० साली रुस्टेनबर्गच्या परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाचे पाप कबूल केले. टुटूंनी तिथेच उठून क्षमा केली. काळ्या मंडळ्यांतल्या काहींना ही क्षमा घाईची वाटली, आणि त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. पुढे टुटूंच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगाने वीस हजारांहून अधिक पीडितांची निवेदने नोंदवली आणि त्यांना सहा वर्षे दरसाल मदत द्यावी अशी शिफारस केली. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी एकरकमी ३० हजार रँड (तिथले चलन) जाहीर केले आणि विषय मिटवला.

गावाकडे शेजारी बांध कोरतो. मग एक दिवस हात जोडून माफी मागतो, पण कोरलेली सरी त्याच्याच नांगराखाली राहते. आपण याला समेट म्हणू का? बायबलमधल्या जक्कया नावाच्या जकातदाराने येशूला घरी जेवू घातले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, असा हिशेब त्याने उभ्या उभ्या मांडला. त्यानंतरच येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळाले.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्यायही पाहा. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची तक्रार होती. “कुरकुर करून मंडळीत फूट पाडू नका,” असे प्रेषित म्हणाले नाहीत. वाटपासाठी सात जण निवडले गेले, आणि स्तेफनापासून सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या!

प्रश्न : आपल्याकडे गोरे-काळे नाहीत. मग आपल्या मंडळ्यांनी यात का पडावे? (अहिल्यानगर)

ताई, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दोन्हीकडचे दुखणे एकच, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते. जन्मावरून माणसाची पायरी ठरवायची, बाकी सगळे तपशील. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी भिंतीने वेगळी काढलेली आहेत. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली, असे बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात आपण वाचतो, आणि मेलेल्यांमध्येही ती पुन्हा बांधतो.

दलित ख्रिस्त्यांना १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, हा सरकारशी भांडायचा विषय आहे आणि तो भांडलाच पाहिजे. पण स्थळ आले की “मूळचे कोण?” ही चौकशी सरकार करत नाही. ती आपल्या बैठकीच्या खोलीत, चहाचे कप समोर असताना होते. पुढच्या वेळी कोणी असे विचारले तर कप खाली ठेवा आणि हे का विचारता, ते त्यांना विचारा. आणि तुमच्या पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, गेल्या वीस वर्षांची यादी काढून पाहा, खजिनदार कोणकोण झाले आणि सतरंज्या कोणी घातल्या.