नांदूरला न्यायचा तर कॅमेरा कुठला घ्यावा?

प्रश्न : मी सातपूरला एका कंपनीत नोकरीला आहे. डिसेंबरात मित्रांबरोबर निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो, तिथले पक्षी बघून अक्षरशः वेड लागलं पण मोबाईलमध्ये सगळे नुसते ठिपके आलेत. आता कॅमेरा घ्यायचाच आहे, बोनस धरून एक लाखापर्यंत जमतंय. एक जण म्हणतो फुल फ्रेमच घे, दुसरा म्हणतो डीएसएलआर आता संपला मिररलेस घे, दुकानात दोन लेन्सचा किट घ्या म्हणाले, आणि एका मित्राकडे मोठ्या झूमचा निकॉन पी९५० आहे तो म्हणतो लेन्स बदलायची भानगडच नको. काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी कॅमेरा बाजूला ठेवा आणि अंतराचा विचार करा, कारण नांदूरला तुमचे ठिपके आले ते मोबाईलचा कॅमेरा साधा होता म्हणून नाही तर पक्षी लांब होते म्हणून. थोडा हिशोब सांगतो, एकदा डोक्यात बसला की दुकानात कोणी काहीही सांगू दे तुम्ही हलणार नाही. हळदी-कुंकू बदक चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट. ते तुमच्यापासून ३० मीटरवर आहे असं धरा. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा छोटा असलेला) कॅमेरा आणि ६०० एमएमची लेन्स असेल तर (एमएम जितके जास्त तितकी लेन्सची पोहोच जास्त) त्या अंतरावर फ्रेमची रुंदी होते जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे बदक अर्धी फ्रेम भरतं. ३०० एमएम लावली की तेच बदक पाव फ्रेममध्ये. आणि किटमधली छोटी १८-५५ असेल तर फ्रेम जवळपास १३ मीटर रुंद, बदक शोधावं लागेल. आता हीच ६०० एमएमची लेन्स फुल फ्रेमवर लावा, बदक एक तृतीयांशच भरतं. फुल फ्रेम वाईट नाही हो, कमी उजेडात ती भारीच, पण एक लाखात ती घेतली तर लेन्सला पैसेच उरत नाहीत आणि मग ठिपका जरा स्वच्छ येतो एवढंच.

म्हणून माझं सरळ मत, लाखातले निम्म्याहून जास्त पैसे लेन्सवर जाऊ द्या आणि बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, जुनी घ्या. नव्यात बॉडी आणि ६०० पर्यंतची लेन्स दोन्ही एक लाखात बसत नाहीत, पण सेकंडहँडमध्ये बसतात. निकॉनची डी७२०० किंवा डी७५००, कॅननची ८०डी किंवा ७डी मार्क टू, यातली नीट वापरलेली बॉडी बघा आणि तिच्यावर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० लावा, किंवा निकॉनच असेल तर त्यांची स्वतःची २००-५०० एफ/५.६, ही लेन्स मला फार आवडते कारण पूर्ण झूम केल्यावरही एफ/५.६ च राहते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). थोडं थांबावं लागेल, दोन-चार ठिकाणी विचारावं लागेल, पण जमतं.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, संपला हे कंपन्यांच्या बाजूने खरं आहे, कॅनन-निकॉनची नवीन मॉडेल मिररलेसमध्येच, म्हणजे बिनआरशाची, येतायत. पण झाडावरच्या वेडा राघू या छोट्या हिरव्या पक्ष्याला तुमच्या कॅमेऱ्यात आरसा आहे की नाही ते कळत नाही. शिवाय कॅननची जुनी ईएफ लेन्स ॲडाप्टर (जोडणारी कडी) लावून नव्या आरएफ मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, निकॉनची २००-५०० सुद्धा एफटीझेड ॲडाप्टरवर त्यांच्या झेड मिररलेस बॉडीवर चालते, म्हणजे लेन्समध्ये घातलेले पैसे वाया जात नाहीत, बॉडी नंतर बदलता येते.

नवीनच घ्यायचं असा हट्ट असेल तर कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० ही जोडी बघा, बजेट लाखाच्या वर न्यावं लागेल. लेन्सचं वजन फक्त ६३५ ग्रॅम, बॉडी धरून किलोभराच्या थोडं वर, आणि पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधून धरतो, नवशिक्याला याचा खूप म्हणजे खूप फायदा होतो. सिग्माची १५०-६०० (कंटेम्पररी प्रकारातली) एकटीच दोन किलोच्या आसपास आहे, तेव्हा मानेचा-खांद्याचा त्रास असेल तर हलकी जोडीच घ्या. फक्त ४०० वर ती एफ/८ होते, म्हणजे एफ/५.६ च्या निम्मा उजेड, सकाळी सातला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात.

दोन लेन्सचा किट नको. त्यातली मोठी लेन्स २५० नाहीतर ३०० पर्यंत जाते, नांदूरच्या मनोऱ्यावरून ती कमीच पडते आणि वर्षभरात पुन्हा खर्च. पी९५० बद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. २००० एमएमएवढी पोहोच, वजन किलोच्या आसपास, कुठला पक्षी पाहिला याची नोंद ठेवायला उत्तम, आणि ज्याला फक्त ओळख पटवायची आहे त्याने तोच घ्यावा. पण सेन्सर मोबाईलच्या जातीचा छोटा, त्यामुळे पहाटे आणि ढगाळ दिवशी फोटो पिठूळ येतो, आणि उडणारा पक्षी त्यात पकडणं फार अवघड. तुमच्या पत्रावरून वाटतं तुम्हाला पुढे जायचंय, म्हणून तुमच्यासाठी नाही.

आता कॅमेरा घेतल्यावरचं. नांदूरला उजाडताना पोहोचा. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, बोटं गारठतात, पण नऊ-साडेनऊनंतर ऊन चढलं की पाण्यावरची आणि शेतावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो मऊ येतो, कितीही महागडी लेन्स असू दे. बरेच जण तेव्हा लेन्सला दोष देतात, सर्व्हिस सेंटरला नेतात, दोष हवेचा असतो. त्या वेळी लांबची चक्रवाक बदकं सोडा आणि काठावर जवळ आलेला शेकाट्या किंवा खंड्या घ्या.

सेटिंग सुरुवातीला एवढंच ठेवा, मॅन्युअल मोड पण आयएसओ ऑटो, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं, बसलेल्या पक्ष्याला शटर १/८०० सेकंद, उडणाऱ्याला १/२००० सेकंद, फोकस कंटिन्युअसवर (म्हणजे पक्षी हलला तरी फोकस त्याच्या मागे जात राहतो). बगळा पांढराफटक जळून येतो तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) थोडं मायनस करा, आणि आकाशावर काळा पडणारा घारीसारखा पक्षी असेल तर एक प्लस. सराव मात्र नांदूरला करू नका, घराजवळ करा. वेडा राघू तारेवरून उडतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन बसतो, त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला, मळ्यांच्या कडेला, कुठेही भेटतो.

आणि एक कळकळीने सांगतो, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा उठवू नका. टाळ्या वाजवणारे, खडा मारणारे लोक मी बघितलेत आणि जीव तुटतो. चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून इथे पोट भरायला येतात, प्रत्येक वेळी उठवलं की ती साठवलेली ताकद खर्च होते. २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते या पक्ष्यांमुळेच. गाडी जिथवर जाते तिथे गाडीतच बसा, इंजिन बंद, खिडकीवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी आणि तिच्यावर लेन्स. माणूस उतरला की पक्षी सरकतो, गाडीला तो तेवढा घाबरत नाही. ट्रायपॉडचे पैसे पण वाचले.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना काय तपासू? ऑनलाईन ओळखीतून एक १५०-६०० मिळतेय, फोटोत तर नवीकोरी दिसते.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फोटोवर जाऊ नका, प्रत्यक्ष हातात घ्या आणि स्वतःची बॉडी बरोबर न्या. लेन्सच्या एका टोकाने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या, कितीही स्वस्त असो. दोनचार धुळीचे कण चालतात. मग ६०० वर नेऊन लांबची पाटी, जवळची पाटी असा फोकस करून बघा, अडखळतो का, आणि स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावतं का. फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघा, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. बिल मागा, बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. बॉडी घेत असाल तर शटर काउंटही (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, पण नुसत्या काउंटवर ठरवू नका, लाखभर क्लिक झालेली जपून वापरलेली बॉडी मी कमी वापरलेल्या पण ओल खाल्लेल्या बॉडीपेक्षा कधीही आधी घेईन.

प्रश्न : आमच्याकडे त्र्यंबकला पावसाळ्यात चार महिने घरात ओल असते. कॅमेरा बॅगेतच ठेवते, चालेल ना?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : नाही ताई, बॅग सगळ्यात वाईट, तिचा स्पंज ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. जेलचे रंगीत दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत भरा, तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून फोटो काढा, पावसाळ्यात अंजनेरीला जायला तुमच्याइतकं जवळ कोण आहे? फक्त पावसातून आल्यावर आधी सुती कापडाने पुसून पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, मगच डब्यात.