लाइव्ह संगीताच्या कार्यक्रमासाठी एखादी जागा चांगली की वाईट, हे श्रोत्याने कशावरून ठरवावं?

सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या खुर्चीवरून. पुढच्या रांगांत बसून कुठलंही सभागृह बरंच वाटतं. शेवटच्या रांगेत गायकाचे शब्द कळतात का, ते बघा.

शब्द हरवतात ते बहुतेकदा आवाज कमी पडतो म्हणून नव्हे, तर तो घुमतो म्हणून. आधीचा सूर भिंतींवर आपटून विरायच्या आतच पुढचा येतो. आवाज विरायला किती वेळ लागतो याचं गणित वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने बसवलं आणि १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलसाठी ते वापरलं. प्रेक्षकांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये हा वेळ दोन सेकंदांच्या थोडा आत आहे. व्हायोलिनच्या ताफ्याला तो मानवतो, सूर एकमेकांत मिसळून भरदार वाटतात. तिथेच ड्रम आणि बेस गिटार मोठ्या स्पीकरवर लावा, सगळा काला होईल. त्यामुळे एखादा हॉल चांगला आहे असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, कशासाठी?

नावाजलेल्या जागाही यात फसतात. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडला, पण घुमटावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीने तो जवळजवळ शतकभर गाजला (एका तिकिटात दोनदा गाणं, म्हणा!). १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा तो बराच आटोक्यात आला.

तिकीट काढताना बाल्कनीखालच्या अगदी मागच्या खुर्च्या टाळा. छतावरून येणारा आवाज तिथवर पोचत नाही, गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटतं. साउंडवाल्याचा मिक्सर कुठे मांडलाय तेही पाहा. साउंडवाला काचेआडच्या खोलीत कोंडलेला असेल, तर आपल्याला काय ऐकू येतंय हे त्याला कळणार कसं? मिक्सर प्रेक्षकांत असेल तर त्याच्या आसपासची जागा डोळे झाकून घ्यावी.

मोकळ्या मैदानात घुमण्याची भानगड नसते, अंतराची असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर तो सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोचतो. त्या अंतरावर उभारलेल्या स्पीकरना तेवढाच उशीर लावावा लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

हॉल वाईट असला की हमखास एक उपाय होतो: आवाज वाढवायचा. त्याने घुमणंही तेवढंच वाढतं, शब्द काही सुटे होत नाहीत, कान मात्र दुखतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मोठ्या आवाजात संगीत वाजणाऱ्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. कानात घालायची बोळी देणं आणि क्षणभर शांत बसायला वेगळी जागा ठेवणं हेही त्यातच आहे. या दोन्ही गोष्टी जिथे दिसतात, तिथल्या मालकाला श्रोत्यांची थोडी तरी पर्वा आहे असं मी धरतो.

बाकीचं पटकन सांगतो. उभ्याने ऐकायचं असेल तर जमीन उतरती हवी, नाहीतर पुढच्याच्या डोक्यामागचं संगीत ऐकावं लागतं. खांबाआडच्या खुर्च्या तिकीट विकतानाच तशा सांगितलेल्या हव्यात. पिण्याचं पाणी आणि पुरेशी स्वच्छतागृहं हवीत, विशेषतः बायकांसाठी. मध्यंतर त्या रांगेतच संपतं. आणि आत शिरल्यावर बाहेर पडायची दारं बघून ठेवा. त्यातलं एखादं कुलूपबंद किंवा सामानाने अडवलेलं दिसलं, तर आवाज कितीही सुरेख असो, मी तिथे थांबत नाही.