हुक्क्यासाठी नको, हमससाठी जा

पुण्यात कोरेगाव पार्कात पहिल्यांदाच मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं जेवण खायला निघाला आहेस, तर भूक ठेवून जा. सुरुवातीला हमस (वाटलेल्या काबुली चण्यांची मऊ चटणी) आणि मुहम्मरा मागव. मुहम्मरा म्हणजे भाजलेली लाल मिरची आणि अक्रोड; आपल्या चटणीवर वाढलेल्या जिभेला तो लगेच आवडतो. पिटा (तिकडची रोटी) गरम असतानाच तोडून हमसवरच्या ऑलिव्ह तेलात बुडव, गार झाला की चिवट होतो. फलाफल (चण्याचे तळलेले वडे) मोडून बघ: आतून हिरवं, ओलसर हवं.

हुक्क्याचं म्हणशील तर महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आहे. कुणी ‘हर्बल आहे रे’ म्हणालं तरी भुलू नकोस. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात गाळला जात नाही, थेट छातीत जातो. त्यापेक्षा पुदिन्याचा चहा घे, सोबत बकलावा, सुक्यामेव्याची पदर सुटलेली मिठाई.