दादांना बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर घरी आणताना
वहिनी, पहिले १०० दिवस थर्मामीटर हाताशीच ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की मध्यरात्र असली तरी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. न विचारता पॅरासिटामॉल नको. ताप दबतो, आतला संसर्ग कळत नाही. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) चालू असेल तर तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त काढून झाल्यावरच, नाहीतर रक्तात औषधाची पातळी जास्त दिसते. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, बाहेरची मिसळ बंद. घरचा ताजा, गरम पांढरा रस्सा चालेल, मटण मात्र पूर्ण शिजलेलं हवं. जेवले नाहीत तर रागावू नका हो, तोंड आलेलं असतं, चव गेलेली असते. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. रात्रीची पाळी दिरांकडे सोपवा. तुमची झोप मोडली की गोळ्या चुकतात.