येशूला 325 साली मतदान करून देव ठरवलं, हे खरं आहे का? त्याने स्वतः असं कुठे म्हटलं आहे?

नाही, खरं नाही. दुसऱ्या भागाकडे नंतर येते. आधी हा प्रश्न आमच्या घरात कसा आला ते सांगते, कारण तेव्हापासून तो कुणीही विचारला की मला गप्प बसवत नाही.

माझं सासर नगर जिल्ह्यातलं. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) शेवटच्या काळात सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. शाळा जेमतेम झालेली, पण ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक बरंचसं पाठ. रेव्हरंड टिळकांची भजनं तर पडल्या पडल्या गुणगुणत असायच्या. त्या वर्षी नाताळात मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायका घरी आल्या, खाटेभोवती बसून गाणी झाली, प्रार्थना झाली, करंज्या खाऊन बायका गेल्या. मोठे दीर पुण्याहून आले होते. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून आलेले. सासूबाई अजून हात जोडूनच होत्या, तर हे म्हणाले, “आई, तू ज्याच्यापुढे हात जोडतेस तो सुतार होता. चांगला माणूस होता, एवढंच. त्याला देव केलं रोमन बादशहाने, तीनशे वर्षांनी, बिशपांची मतं मोजून.”

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दीर दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि घरातलं गुणगुणणं बंद झालं. मी जेवण भरवताना विचारलं, तर म्हणाल्या, “शिकलेला आहे तो. उगीच कशाला सांगेल?” मला त्या बाईचं तोंड पाहवेना. ज्या नावावर तिने नवऱ्याचं मरण काढलं, दुष्काळ काढला, ते नाव तिच्या जिभेवरून एका संध्याकाळीत उडवून लावलं होतं, तेही अर्धवट ऐकीव गोष्टीवर.

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, श्रद्धेचा विषय आहे, वाद घालू नये. या उत्तराने ख्रिस्ती घरांचं जितकं नुकसान केलंय तितकं कुठल्याच व्हिडिओने केलं नसेल. माणूस इतिहास विचारत असेल तर त्याला इतिहास सांगायला हवा. शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त धर्मशिक्षकांकडून पुस्तकं आणली आणि दुपारी सासूबाईंच्या खाटेपाशी बसून वाचू लागले. जे सापडेल ते त्यांना मराठीत सांगायचं.

पहिल्यांदा नायसिया. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, इझनिक. 325 साली कॉन्स्टंटाइनने तिथे बिशप बोलावले. परंपरेने संख्या 318 सांगतात. वाद आलेक्सांद्रियाच्या आरियस नावाच्या पाळकाच्या शिकवणीवरून होता. आता हे नीट लक्षात घ्या: येशू साधा माणूस होता असं आरियसही म्हणत नव्हता! त्याच्या मते पुत्र जगाच्या आधीपासून होता, जग त्याच्याच द्वारे झालं, फक्त तो पित्याने निर्माण केलेला, सगळ्या निर्मितीत पहिला. परिषदेने म्हटलं, निर्माण केलेला नव्हे, पित्यापासून जन्मलेला आणि पित्याशी एकाच तत्त्वाचा. सह्या झाल्या, लिबियाचे दोन बिशप तेवढे अडून राहिले. ‘माणूस की देव’ हा प्रश्न त्या सभेपुढे नव्हताच. तेव्हा काठावरच्या मतांनी सुताराचा देव केला ही गोष्ट कुणीतरी रचलेली आहे.

आणि बादशहाने लादलं म्हणावं, तर पुढचं काय? तोच कॉन्स्टंटाइन 337 साली मरणाच्या खाटेवर बाप्तिस्मा घेतो, आणि देणारा बिशप आरियसच्या बाजूचा, निकोमेदियाचा युसेबियस. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर नायसियाच्या विरोधातच उभा राहिला. नायसियाची बाजू लावून धरणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत हे मत पुन्हा पक्कं होईपर्यंतची बरीच वर्षं सत्ता उलट बाजूला होती. बादशहाच्या जोरावर टिकायचं असतं तर आरियसचं मत टिकलं असतं.

हे सगळं सासूबाईंनी ऐकलं, पण त्यांना त्यात फार गोडी नव्हती. बिशप, बादशहा, सह्या. त्या उठून बसल्या (म्हणजे उशीला टेकल्या) त्या प्लिनीच्या पत्राला.

प्लिनी हा रोमन सुभेदार, बिथिनिया प्रांताचा. नायसिया याच प्रांतात येतं. नायसियाच्या अर्धवट बांधलेल्या, खचत चाललेल्या नाट्यगृहाबद्दलही त्याने बादशहा त्राजानला लिहिलेलं आहे. तर साधारण 112 साली, म्हणजे त्या परिषदेच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी, तो विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत कळलं ते लिहितो: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत आळीपाळीने गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात. धरून आणलेल्यांना तो बादशहाच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला आणि ख्रिस्ताला शाप द्यायला लावतो, आणि नमूद करतो की जे खरोखर ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडून हे करवून घेता येत नाही म्हणतात. खात्री करायला त्याने दोन जणींचा छळ केला. दोघी गुलाम होत्या, मंडळीत सेविका होत्या. त्यांची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत.

सासूबाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं. “दासी होत्या?” “हो.” “आणि गात होत्या?” “हो आई, पहाटे उठून.” मग बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

त्यांना ते का लागलं हे मला माहीत होतं. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं, त्याआधीचे आम्ही महार. गावात दिसेल त्या वरच्या माणसाला वाकून “जोहार मायबाप” म्हणायचं, हा नेम होता. सासूबाईंच्या आजोबांनी बाप्तिस्म्यानंतर जोहार सोडला आणि ताठ उभं राहून सलाम करायला सुरुवात केली, त्यावरून मार खाल्ला. ही गोष्ट सासूबाई आम्हा सुनांना कितीदा सांगत. ‘येशू प्रभू आहे’ म्हणजे काय, हे त्या घराला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकच धनी आहे, म्हणून पाटील धनी नाही. रोमन साम्राज्यात ज्यांनी कैसराला, म्हणजे बादशहाला, प्रभू म्हणायला नकार दिला त्यांचंही हेच होतं. स्मुर्णा शहराच्या म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला सुभेदार सांगत होता, ख्रिस्ताची निंदा कर, सोडतो. तो म्हणाला, 86 वर्षं त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, माझ्या राजाची निंदा कशी करू? जाळला त्याला.

म्हणून मला दिरांचा राग आला आणि अजून आहे. नुसत्या चांगल्या माणसासाठी त्या आजोबांनी पाठ सोलून घेतली नव्हती. तो माणसांपैकीच एक असता तर त्याच्या नावावर बाकीच्यांपुढे ताठ उभं राहता आलं नसतं. (मंडळ्यांमध्ये जात संपली असं मी म्हणत नाही. संपलेली नाही. प्रभुभोजनाला एका मेजाशी बसून लग्नाच्या वेळी जुनी जात विचारणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी येशूला प्रभू मानलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, विश्वासांगीकार (उपासनेत म्हणायची विश्वासाची कबुली) कितीही खड्या आवाजात म्हणू देत.)

आणखी एक सांगते. इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात 2005 साली एका प्रार्थनाघराची रंगीत फरशी सापडली. ती तिसऱ्या शतकातली, साधारण 230 सालची, असं खोदकाम करणाऱ्यांचं मत आहे. त्यावर ग्रीक अक्षरांत लिहिलंय की अकेप्तूस नावाच्या बाईने हे मेज ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मरण म्हणून अर्पण केलं. ही फरशी घातली तेव्हा कॉन्स्टंटाइनचा जन्मही झालेला नव्हता.

सगळ्यात जुना पुरावा मात्र पवित्र शास्त्रातच आहे. वधस्तंभानंतर तीसेक वर्षांच्या आत प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, मरण सोसलं, आणि आता त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. प्रत्येक गुडघा टेकण्याचे हे शब्द जुन्या करारातल्या यशयाच्या 45व्या अध्यायातले, तिथे खुद्द परमेश्वर ते स्वतःबद्दल बोलतो. एकाच देवाशिवाय कुणापुढे न वाकणारा यहूदी माणूस हे एका वधस्तंभावर मेलेल्या माणसाबद्दल लिहितो, आणि तेही असं, की वाचणाऱ्यांना ते नवं वाटणार नाही.

आता, येशूने स्वतः कुठे म्हटलं? ‘मी देव आहे’ हे तीन शब्द असेच्या असे शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत) नाहीत. माझे दीर यावरच अडून बसतात. पण ऐकणाऱ्यांना काय कळलं ते बघा ना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, अब्राहामाच्या आधीपासून मी आहे, तर लोक धोंडे उचलतात. दहाव्यात म्हणतो, मी आणि पिता एक आहोत, पुन्हा धोंडे, आणि कारणही तेच सांगतात: तू माणूस असून स्वतःला देव म्हणवतोस. मुख्य याजकापुढे त्याने दानिएलाच्या दर्शनातलं मेघांवर येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राचं वर्णन स्वतःला लावलं, त्यावर याजकाने कपडे फाडले आणि देहान्ताची शिक्षा झाली. चांगलं वागा म्हणणाऱ्याला कोण मारतं?

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मधेच थांबवलं. थोमाने मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या जखमा पाहून त्याला प्रभू म्हटलं, देव म्हटलं. “मग त्याने थोमाला गप्प बस म्हटलं नाही?” नाही म्हटलं, आणि मला त्या प्रश्नातून पुढचं सुचलं. कर्नेल्य हा रोमन अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडतो तेव्हा पेत्र त्याला उठवतो, म्हणतो मीही माणूसच आहे. लुस्त्र गावात लोक पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना देव समजून बैल कापायला निघतात, तर हे दोघे कपडे फाडून गर्दीत धावतात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात देवदूतसुद्धा योहानाला पाया पडू देत नाही. येशू मात्र थोमाचं म्हणणं स्वीकारतो. त्याला गैरसमज दूर करायचा असता तर याहून चांगली वेळ नव्हती. त्या रविवारी घरसभेला बायका आल्या तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून भजन धरलं. आवाज गेलेला होता, पण कडवी सगळी होती.

त्या गेल्यावर पहिल्या स्मरणदिनी दीर म्हणाले, “तू आईला पढवलंस.” मी तेव्हा पाहुण्यांत बोलले नाही, इथे सांगते: भाऊजी, पढवलं असेल तर त्या गुलाम बायकांनी पढवलं. आणि तुम्हाला शंका होती, तर ती पाळकांना विचारायची, मला विचारायची, चार पुस्तकं वाचायची. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी जाऊन तिचा शेवटचा आधार ओढायचा नव्हता. तुम्ही प्रश्न विचारणारे जे कुणी आहात, तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर हा वाद ओसरीवर घाला.

दोन गोष्टी राहिल्या. हिंदू मैत्रिणी विचारतात, म्हणजे अवतारच ना? जवळचं आहे, पण तेच नव्हे. आमच्या विश्वासात तो एकदाच आला, आणि घेतलेला देह नंतर टाकून दिला नाही. उठल्यानंतरही जखमा तशाच होत्या.

दुसरं, येशू देव तर प्रार्थना कुणाला करत होता? पित्याला. पिता आणि पुत्र एकच व्यक्ती आहेत असं ख्रिस्ती विश्वास सांगतच नाही. देव एक, आणि त्या एकात पिता, पुत्र, पवित्र आत्मा. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असं तोच योहानात म्हणतो, आणि शेवटच्या दिवसाच्या घटकेबद्दल पुत्रालाही माहीत नाही असं मार्कात म्हणतो. ही वचनं लपवायची नाहीत. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने म्हटलं, खरा देव आणि खरा माणूस, मिसळ न होता, वेगळे न पडता. खऱ्या माणसाला भूक लागते, तो थकतो, रडतो, प्रार्थना करतो. हे कसं जमतं याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते आहे म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्रैक्य (एका देवात पिता, पुत्र, पवित्र आत्मा) न मानणारे आणि तरीही येशूवर मनापासून प्रेम करणारे लोकही आहेत, त्यांच्याशी माझा मतभेद आहे, भांडण नाही.

स्वतः वाचायचं असेल तर योहानापासून नको, मार्कापासून सुरुवात करा. दुसऱ्याच अध्यायात चौघे जण छप्पर उकरून एका पक्षघाती माणसाला खाली सोडतात. तो बरा व्हायला आलेला, आणि येशू आधी म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री (यहूदी धर्मशास्त्राचे जाणकार) मनात म्हणतात, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? येशूने त्यांना जे उत्तर दिलं ते बाराव्या वचनापर्यंत आहे.