पतसंस्था बुडाली आणि मला इकॉनॉमिस्ट व्हायचंय

प्रश्न : ताई, मी बीएच्या सेकंड इयरला आहे. शाळेत होतो तेव्हा गल्लीतली पतसंस्था बुडाली, आज्जीचे पैसे अडकले ते अजून अडकलेलेच. तेव्हापासून बँका का बुडतात, व्याजदर कोण ठरवतं हेच वाचत असतो. यातच करिअर करायचंय. पप्पा म्हणतात क्लार्कची परीक्षा दे, कोल्हापुरात काय रिझर्व्ह बँक आहे काय? आणि अकरावीलाच गणित सोडलंय. जमेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : रिझर्व्ह बँक नसू दे, बुडालेली पतसंस्था तर तुझ्या दारातच आहे की!

अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्की, त्यांचं पण आज्जीपासूनच सुरू झालं. १९३० च्या मंदीत बुटांचे कारखाने बंद पडले, बापांची कामं गेली आणि पोरं फाटके बूट घालून फिरायची, असं त्यांची आज्जी सांगायची, आणि हा पोरगा विचारायचा, मग कारखाने उघडून बूट का नाही बनवले? पुढं १९८३ ला त्यांनी मांडलं की बँका बुडाल्या की नुसता पैसा जात नाही, कर्ज कुणाला द्यावं ही माहितीपण जाते. आपल्याकडं बघ, मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी सीझन संपला की फेडतोच हे पतसंस्थेच्या मॅनेजरला तोंडपाठ असतंय, ती बंद पडली की तोच माणूस नव्या बँकेत कागदांची पिशवी घेऊन बसतो आणि तिथला साहेब त्याला ओळखत पण नाही. बर्नान्की २००६ ते २०१४ अमेरिकेच्या फेडचे, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचे, चेअरमन होते, २००८ चं संकट त्यांच्याच अंगावर आलं. २०२२ ला नोबेल मिळालं, डायमंड आणि डिबविग या अर्थतज्ज्ञांसोबत. या दोघांनी दाखवलं की नुसत्या अफवेनं लोक पैसे काढायला धावले तर धडधाकट बँकपण बसू शकते, म्हणून ठेवींना विमा पाहिजे. आपल्याकडं बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत तो आहे, सहकारी बँकेतल्यापण. पतसंस्थेला नाही. आज्जीचं घोडं तिथंच अडलंय.

आता गणित. गोड बोलत नाही, त्याच्याशिवाय या विषयात दारात उभं करत नाहीत. अकरावी-बारावीची पुस्तकं काढ, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स वर्षभर रोज तासभर कर, क्लास लाव नाहीतर मित्राला पकड. मग एमए, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, ही तर रिझर्व्ह बँकेनंच काढलेली. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी ऑफिसरमध्ये इकॉनॉमिक्सवाल्यांची वेगळी भरती निघते, पण जागा मोजक्याच असतात. बँकांच्या रिसर्च टीम, रेटिंग कंपन्या इथंपण काम मिळतं. संशोधनच करायचं तर पीएचडीला अजून चार-पाच वर्षं धर, तोवर मित्रांच्या गाड्या आलेल्या असतील आणि तुझी स्टायपेंडवर चाललेली असेल, हे पप्पांना आत्ताच सांगून टाक. क्लार्कची परीक्षा पण दे की, काउंटरच्या आतनं बँक बघायला मिळाली तर वाईट काय?

एक सवय मात्र आजपासून लाव. व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा जण असतात, महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची त्यांची जबाबदारी, २ इकडं-तिकडं चालतं. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, त्याचा निकाल लागायच्या आधी तुझा अंदाज कारणासकट वहीत लिही. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी तिचे मिनिट्स येतात, कोण काय बोललं आणि कुणी कसं मत दिलं ते नावानिशी, त्याच्याशी ताडून बघ. पहिल्या चार-पाच वेळा तोंडावर आपटशील.

आणि आज्जीची ठेव पावती कुठाय? अवसायकाकडं, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा हिशेब मिटवायला नेमलेल्या माणसाकडं, क्लेम केलाय का ते विचार आधी.