सायन्सही सोडू नकोस, आफ्रिकाही सोडू नकोस

प्रश्न : मी अलिबाग तालुक्यात राहते. यंदा बारावी सायन्स झाले, केमिस्ट्रीत गुण चांगले आहेत. पण किल्वा, सोफाला, ग्रेट झिम्बाब्वे यांच्याबद्दल वाचल्यापासून मध्ययुगातला आफ्रिका आणि भारत यांच्यातला व्यापार हाच विषय शिकावासा वाटतो. बाबा म्हणतात, "इतिहास घेऊन पोट कसं भरणार? सायन्सची दोन वर्षं पाण्यात." मी आर्ट्सला जाऊ का?

उत्तर : आर्ट्सला जायची घाई करू नकोस, विषय मात्र अजिबात सोडू नकोस. या विषयात नुसत्या इतिहासाच्या पदवीवर फार पुढे जाता येत नाही. भाषा किंवा प्रयोगशाळा, यांपैकी एक तरी साधन हातात लागतं. आणि एक साधन तुझ्या हातात अर्धं आलेलंच आहे.

किल्वा म्हणजे आजच्या टांझानियाच्या किनाऱ्याला लागून असलेलं बेट. आफ्रिकेतल्या आतल्या पठारावरचं सोनं आजच्या मोझांबिकमधल्या सोफाल्याच्या बंदरात यायचं आणि त्या व्यापारावर किल्व्याच्या सुलतानांची पकड होती. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे गेला, तेव्हा गादीवर अल-हसन इब्न सुलेमान होता. त्याच्या नावाचं तांब्याचं एक नाणं ग्रेट झिम्बाब्वेत, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या दगडी भिंतींच्या जुन्या शहरात सापडलंय, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत!

सोन्याच्या बदल्यात आतल्या लोकांना काय मिळत होतं? मुख्यतः कापड आणि काचेचे मणी. कापड मातीत टिकलं नाही, मणी टिकले. दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वे या जुन्या राजधानीच्या जागी तेराव्या शतकातल्या गेंड्याच्या छोट्या सोन्याच्या मूर्तीबरोबरच असे मणी ढिगाने मिळाले. ते कुठल्या काचेचे हे नुसतं बघून कळत नाही. लेझरने मण्यावरचा डोळ्यांना दिसणारही नाही एवढा कण उडवतात आणि त्यातली मूलद्रव्यं मोजतात. भारतात बनलेल्या बऱ्याच काचेत अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त असतो, तर पश्चिम आशियातल्या, वनस्पतींची राख घालून केलेल्या काचेत मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) जास्त. म्हणजे कोणता माल कुठून आला याचा निकाल केमिस्ट्री देते. 2023 मध्ये स्वाहिली किनाऱ्यावरच्या, म्हणजे किल्वा जिथे आहे त्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या 80 जणांच्या जुन्या अस्थींमधल्या डीएनएवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. आफ्रिकी मातांच्या वंशात इराणी आणि थोडं भारतीय रक्तही इसवी सन 1000 च्या सुमारास मिसळलं होतं, असं त्यातून दिसलं. आता सांग, ही दोन वर्षं पाण्यात कशी गेली?

म्हणून माझा सल्ला असा: बीएस्सी केमिस्ट्री कर. जोडीला पहिल्या वर्षापासूनच एक भाषा धर. मी अरबी धरायला सांगेन. किल्व्याच्या राजांची बखर अरबीत आहे (तिचं दुसरं रूप पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुशने 1552 मध्ये छापलं). शिवाय तुझ्या शेजारच्या चौलची सगळ्यात मोलाची हकिकतही अरबीतच आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी आणि इतिहासकार मसूदी तिथे आला होता. तो चौलला सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे 10,000 मुसलमान तिथे राहतात, असं तो लिहितो. स्थानिक सत्ता होती शिलाहार घराण्यातल्या झंझ राजाची. सोळाव्या शतकाकडे ओढ असेल तर पोर्तुगीज शिक. पणजीच्या पुराभिलेखागारात त्या भाषेतले कागद आहेत.

पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए करता येतं. कुठल्याही शाखेचा पदवीधर तिथे अर्ज करू शकतो, आणि चौलला त्यांनी उत्खननही केलेलं आहे. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचं केंद्र 1971 पासून आहे. तू प्रवेश घेशील त्या वर्षी कोणते अभ्यासक्रम सुरू आहेत ते मात्र आधी विचारून घे.

आता बाबांसाठी. त्यांची काळजी रास्त आहे आणि ती तू हसण्यावारी नेऊ नयेस. प्राध्यापकी किंवा संशोधनाची कायम नोकरी मिळेपर्यंत तिशी उजाडू शकते. मधल्या काळात नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, पण ती परीक्षा अवघड आहे आणि पहिल्या फटक्यात निघेलच असं नाही. केमिस्ट्री असेल तर मात्र वाटा वाढतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे. वास्तूंचं आणि वस्तूंचं रासायनिक जतन तिच्याकडे असतं, तिथे रसायनशास्त्रज्ञच लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जतन-संवर्धनाचं केंद्र आहे. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर रोहा, महाड, पाताळगंगेच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळा आहेत, बीएड आहे. बीएस्सीने यातलं एकही दार बंद होत नाही.

बाबांना सरळ सांग की तीन वर्षं मी तुम्ही म्हणता तेच शिकते, फक्त अरबीच्या वर्गाची फी द्या. आणि येत्या रविवारी त्यांना घेऊन चौलला जा. रामेश्वराचं देऊळ आणि जुन्या बंदराची खाडी दोघं मिळून बघा.